आयटीआयचं सर्टिफिकेट : फी थोडी, खरा खर्च वेगळाच, पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतात?

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडवर एकच चर्चा असते. अकरावी सायन्स की आयटीआय? ज्याच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू आणि विहिरीला फेब्रुवारीपर्यंतच पाणी, तिथं हा प्रश्न नुसता शिक्षणाचा राहत नाही. पोरगं दोन वर्षं शिकायला गेलं तर कांद्याच्या लागणीला, ज्वारीच्या काढणीला माणूस कोण, इथपासून हिशेब सुरू होतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या पट्ट्यातली पोरं सुपा आणि रांजणगावकडं जातात. नेवासा, शेवगावची पोरं वाळूजला. काही शिक्रापूरवरून वळून चाकण गाठतात. कंपनीत लागलेलं पोरगं दिवाळीला गाडी घेऊन गावात आलं की शेजारच्या घरात आयटीआयचा विषय निघतो.

पण कंपनीत लागलेल्या प्रत्येकाकडं आयटीआय असतोच असं नाही, आणि आयटीआय असलेला प्रत्येक जण मशीनवर असतोच असंही नाही. फिटरचं सर्टिफिकेट पेटीत आणि पोरगा पॅकिंगला, अशी उदाहरणं गावोगाव सापडतात. म्हणून हे सर्टिफिकेट घ्यायला नेमकं काय लागतं आणि त्यातून काय मिळतं, याचा रुपयांत हिशेब मांडायला हवा.

सर्टिफिकेट म्हणजे नेमकं कोणतं?

बाजारात तीन-चार प्रकारचे कागद सर्टिफिकेट या एकाच नावानं फिरतात आणि घोळ तिथंच होतो.

पहिलं, आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. लोक त्याला एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट म्हणतात. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे, तिची अखिल भारतीय परीक्षा पास झाल्यावर हे मिळतं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, शीट मेटल, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक एक वर्षाचे. बहुतेकांना दहावी पास लागते, वेल्डरला आठवी पासही चालते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते.

दुसरं, राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र, म्हणजे अप्रेंटिसशिपचं. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. आयटीआय झाल्यावर कंपनीत साधारण वर्षभर शिकाऊ म्हणून काम करायचं, मग परीक्षा, मग हे प्रमाणपत्र.

तिसरं, तीन ते सहा महिन्यांचे खासगी कोर्स : सीएनसी, व्हीएमसी, ऑटोकॅड, क्वालिटी. त्यांचा कागद संस्थेचा असतो. काही कोर्स सरकारी कौशल्य योजनांखाली चालतात, त्यांचं मूल्यमापन होऊन वेगळं प्रमाणपत्र मिळतं. पण ते आयटीआयच्या बरोबरीचं नाही.

चौथं, ज्याला धड सर्टिफिकेट म्हणताच येत नाही, ते म्हणजे ट्रेनी म्हणून सहा महिने-वर्षभर काम केल्याचं पत्र. मधल्या काळात नीम नावाची योजना होती. तिच्यातून हजारो पोरं चाकण-रांजणगावच्या लाइनींवर ट्रेनी म्हणून उभी राहिली. ती योजना बंद झाली. शिकाऊ कायद्याखालची अप्रेंटिसशिप वेगळी आणि असली ट्रेनी वेगळी, हा फरक पुष्कळ घरांत वर्ष वाया गेल्यावरच कळला. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही आयटीआयवाल्याला महिना ८,००० विद्यावेतन ठरवलेलं आहे. अनुभव म्हणून ती ठीक आहे, पण तिचा कागद शिकाऊ प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

रेल्वेची असिस्टंट लोको पायलटची भरती, नाशिकजवळ ओझरचा विमान कारखाना, संरक्षण खात्याचे कारखाने, एसटीच्या कार्यशाळा अशा ठिकाणी ट्रेडच्या जागेला पहिला किंवा दुसरा कागदच लागतो. रेल्वेत लेव्हल-१ च्या भरतीत रेल्वेच्याच आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव आहेत. खासगी संस्थेचा चाळीस हजारांचा सीएनसी कोर्स तिथं रकान्यातसुद्धा भरता येत नाही.

वय बघा, मग हिशेब मांडा

आता खर्च. शासकीय आयटीआयची फी फार नाही, खासगीत ती कितीतरी पट जास्त आहे. तरी दोन्हीकडं फी हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे त्या दोन-तीन वर्षांत जी कमाई झाली असती आणि झाली नाही, ती. आणि ती पोराच्या वयावर ठरते.

दहावी झालेलं पोरगं सोळा वर्षांचं असतं. कंपन्या अठराच्या आत कुणाला गेटच्या आत घेत नाहीत, ठेकेदारही आधार कार्डावरची जन्मतारीख बघतो. म्हणजे सोळा ते अठरा या दोन वर्षांत कंपनीचा पगार तसाही मिळणार नव्हता. आयटीआयनं तो बुडत नाही. बुडते ती घरच्या शेतातली मदत, किंवा फार तर सुट्टीतली रोजंदारी.

खाली एक हिशेब दिला आहे. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावातून सुप्याला, रांजणगावला गेलेल्या चार पोरांना विचारून ते बदलून घ्यावेत, रीत मात्र हीच ठेवावी.

समजा पोरगा सोळाचा, तालुक्याच्या शासकीय आयटीआयला फिटरला लागला. दोन वर्षांची फी आणि अनामत मिळून ८,०००. एसटीचा विद्यार्थी पास महिना ६०० प्रमाणे २२ महिन्यांचे १३,२००. खाकी ड्रेस, सेफ्टी शूज, ड्रॉइंगचं साहित्य, पुस्तकं ६,०००. परीक्षा, वही, चहापाणी ५,०००. हे झाले ३२,२००. घरची मदत गेली म्हणून वर्षाला ४० दिवस मजूर लावावा लागला, ४०० रुपये रोजानं दोन वर्षांचे ३२,०००. आतापर्यंत ६४,२००.

मग अप्रेंटिसशिपचं वर्ष. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये महिना विद्यावेतन आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेनं ३६ टक्के वाढ सुचवली, तेव्हा अर्ज करताना चालू दर बघावा. बऱ्याच कंपन्या किमान दरापेक्षा जास्तही देतात. आपण ७,०००च धरू. त्याच्याच वर्गातला, दहावीनंतर दोन वर्षं घरी काढून अठराव्या वर्षी हेल्पर लागलेला मित्र १४,००० घेतो असं धरलं तर त्या वर्षात फरक ८४,००० चा पडतो. एकूण खर्च १,४८,२०० रुपये.

आता मिळकत. एकोणिसाव्या वर्षी हा १७,००० वर मशीन शॉपला लागला आणि वर्षाला १,५०० वाढ मिळाली असं धरू. हेल्पर मित्र तोवर १४,७०० वर आला, त्याला वर्षाला ७०० वाढ. पहिल्या वर्षी फरक महिन्याला २,३०० चा, म्हणजे वर्षाचे २७,६००. दुसऱ्या वर्षी ३७,२००. तिसऱ्या वर्षी ४६,८००. तीन वर्षांत १,११,६०० वसूल. चौथ्या वर्षी फरक महिन्याला ४,७०० चा. म्हणजे नोकरीचे साधारण तीन वर्षं आठ महिने झाले की खर्च भरून निघतो, तेव्हा पोरगा बावीस-तेवीसचा. तिथून पुढचा सगळा फरक त्याचा.

म्हणजे पहिल्या पगारात हे सर्टिफिकेट फारसं काही देत नाही. "दोन वर्षं शिकून फक्त दोन हजार जास्त?" असं घरचे म्हणतात, ते आकड्यानं खरंच असतं. फरक वाढीत आहे, आणि ती वाढ तो कोणत्या कामावर पोचतो त्यावर आहे.

हाच हिशेब एकवीस वर्षांच्या पोरासाठी मांडला की चित्र उलटं होतं. समजा तो हेल्पर म्हणून १५,००० घेतोय. खोली, मेस, मोबाइल धरून ६,५०० खर्च, घरी ८,५०० पाठवतो. त्यानं नोकरी सोडून खासगी आयटीआयला नाव घातलं. दोन वर्षांत घरी येणारे २,०४,००० बंद. फी वर्षाला ३०,००० धरली तर ६०,०००. येणं-जाणं, साहित्य २५,०००. अप्रेंटिसशिपच्या वर्षात आधीच्या पगारापेक्षा महिना ८,००० कमी, त्याचे ९६,०००. बेरीज ३,८५,०००. आणि तीन वर्षांनी तो १७,००० वर लागेल, तेव्हा हेल्पर राहिला असता तरी १७,१०० वर असता. पहिल्या वर्षी फायदा शून्य. पुढं दर वर्षी फरक महिन्याला ८०० नं वाढत गेला तरी पैसे वसूल व्हायला साडेनऊ वर्षांच्या आसपास लागतात. तोवर लग्न, पोरं, घराचा स्लॅब सगळं मध्ये येतं.

त्यामुळं कामाला लागलेल्या पोराला नोकरी सोडून आयटीआय कर असा सल्ला सरसकट देऊ नये. त्याला दुसरी वाट आहे. ट्रेडचा काही वर्षांचा अनुभव असलेल्या कामगारांना खासगी उमेदवार म्हणून त्या अखिल भारतीय परीक्षेला बसण्याची तरतूद आहे. अनुभवाचा दाखला लागतो आणि तो ठेकेदाराकडून मिळवणं हेच मोठं काम असतं. अटी आणि अर्जाची तारीख जवळच्या शासकीय आयटीआयत समजते. रविवारच्या बॅचला ड्रॉइंग वाचणं आणि मोजमाप शिकून ही परीक्षा दिली तर पगार न बुडवता कागद हातात येतो. अवघड आहे, बारा तासांची शिफ्ट करून अभ्यास होत नाही हे खरंच, पण पावणेचार लाखांपेक्षा स्वस्त आहे.

पगार वाढतो कुठल्या पायरीवर?

मशीन शॉपमध्ये पायऱ्या ठरलेल्या असतात. हेल्पर माल उचलतो, चिप्स भरतो, झाडतो. ऑपरेटर जॉब चकमध्ये लावतो, सायकल स्टार्टचं बटण दाबतो, जॉब काढून गेज लावतो. गेज एका बाजूनं गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूनं अडकला पाहिजे, एवढं बघायचं. हे काम शिकायला हुशार पोराला पंधरा दिवस पुरतात. म्हणूनच कंपनी या जागेवर बारावी नापासही घेते आणि आयटीआयवालाही, पगारात थोडाच फरक ठेवते. आयटीआय झालेली कितीतरी पोरं याच पायरीवर पाच-पाच वर्षं बटण दाबत राहतात, आणि त्यांच्यापुरतं वरचं सगळं गणित फसतं.

त्याच्या वरचा सेटर. नवीन जॉब आला की फिक्स्चर लावणं, टूल बसवणं, ऑफसेट घेणं, पहिला पीस काढून क्वालिटीकडून पास करून घेणं हे त्याचं काम. कापता कापता इन्सर्ट झिजतो आणि माप सरकतं. ड्रॉइंगवर ० ते २० मायक्रॉनचा टॉलरन्स दिलाय आणि जॉब १५ मायक्रॉनवर आलाय, तर आताच ऑफसेट द्यायचा की आणखी दहा पीस जाऊ द्यायचे, हे त्याला ठरवता आलं पाहिजे. रात्रपाळीला चुकलं तर सकाळपर्यंत अख्खा क्रेट रिजेक्ट. अशा माणसाला कंपनी सहजासहजी सोडत नाही, त्याला ठेकेदाराकडून स्वतःच्या रोलवर घेते. पगाराची खरी उडी इथं आहे. त्यापुढं प्रोग्रामर, टूल रूम, मेंटेनन्स, क्वालिटी या वाटा.

सेटरला जे लागतं ते आयटीआयच्या अभ्यासक्रमात आहे : व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणं, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, ड्रॉइंगचे तीन व्ह्यू, फिट आणि टॉलरन्स, टूलचे कोन, वर्कशॉपचं गणित. पण दोन वर्षं फक्त परीक्षेपुरतं जाऊन आलेल्याला ते येत नाही. काही खासगी आयटीआयत हजेरीची फार विचारपूस होत नाही, घरचेही म्हणतात बरं झालं, तेवढंच शेतात काम करील. तो कागद कंपनीच्या गेटवर दहा मिनिटांत उघडा पडतो. मुलाखत घेणारा फार काही विचारत नाही. व्हर्निअर हातात देतो आणि रॉडचा व्यास सांग म्हणतो.

अकरावी-बारावी सायन्सला गेलेल्या पोरांना एक गोष्ट उशिरा कळते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे ज्याला पुढं शिकायचंय त्याची वाट आयटीआयनं बंद होत नाही. भाषेचे विषय वेगळे देऊन बारावीची समकक्षताही घेता येते. पण डिप्लोमाचं गणित आयटीआयच्या पोरांना जड जातं, हे आधी सांगितलेलं बरं.

सीएनसीचा चाळीस हजारांचा कोर्स

चाकण, भोसरी, नगर शहर, वाळूज इथं भिंतीभिंतीवर फलक आहेत. तीन महिन्यांत सीएनसी प्रोग्रामर, शंभर टक्के नोकरी. फी पंचवीस-तीस हजारांपासून सुरू. यासाठी म्हैस विकलेली, सोनं गहाण ठेवलेलं आढळतं.

कोर्स वाईटच असतात असं नाही. टर्नर किंवा मशिनिस्ट झालेल्या पोराला त्यावर फॅनुक, सीमेन्सच्या कंट्रोलची ओळख झाली तर सेटर व्हायला एक-दीड वर्ष वाचू शकतं. धातू कसा कापला जातो हे त्याला माहीत असतं, त्यामुळं जी शून्य-एक म्हणजे सरळ कापत जाणं, एम शून्य-तीन म्हणजे स्पिंडल फिरवणं, एम तीस म्हणजे प्रोग्राम संपला, हे कोड त्याच्यासाठी नुसती नवी लिपी असते. पण ज्यानं कधी लेथवर हात ठेवला नाही त्याला हे कोड पाठ करून काही होत नाही. तोही शेवटी बटण दाबायलाच लागतो, जिथं कोर्स न करताही लागला असता. चाळीस हजार गेले ते गेलेच.

पैसे भरण्याआधी संस्थेत जाऊन बघावं. खरी मशीन किती, आणि एका बॅचला पोरं किती? एका पोराला प्रत्यक्ष मशीनवर किती तास मिळतील, की सगळं संगणकावरच्या सिम्युलेटरवर? मशीन चालू आहे का, की झाकून ठेवलंय? कटिंगचे ताजे चिप्स ट्रेमध्ये दिसतात का, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. नोकरीची हमी म्हणजे कोणत्या कंपनीत, कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या, हे लिहून मागावं. गेल्या वर्षीच्या चार पोरांचे नंबर मागावेत आणि त्यांना संस्थेच्या माणसासमोर नाही, घरी येऊन फोन करावा.

छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारच्या एमएसएमई खात्याची संस्था आहे. तिथं टूल आणि डाय बनवण्याचे लांब मुदतीचे आणि सीएनसीचे लहान कोर्स चालतात. फी आयटीआयइतकी कमी नाही, प्रवेशाला चुरस असते. पण मशीन खरी आहेत आणि काम बाहेरच्या कारखान्यांचंही होतं. ज्याला पैसे भरायचेच आहेत त्यानं फलकावरच्या संस्थेआधी तिथं विचारून यावं.

ट्रेड कोणता घ्यावा

गावाकडं परत यायचं डोक्यात असेल तर फिटर-टर्नरचा उपयोग कमी. गावात लेथ नाही, बेंच नाही. इलेक्ट्रिशियन, वेल्डर, ट्रॅक्टर किंवा डिझेल मेकॅनिक यांना कंपनीबाहेरही पोट आहे. मोटार भरणं, स्टार्टर दुरुस्ती, सबमर्सिबल काढून बसवणं, ट्रॉलीचं वेल्डिंग, कांदाचाळीचा सांगाडा ही कामं वर्षभर निघतात. वेल्डरचा कोर्स एकच वर्षाचा, म्हणून वरच्या हिशेबात त्याचे पैसे सगळ्यांत लवकर वसूल होतात. धूर, डोळे आणि कंबर हा त्याचा वेगळा खर्च. तो कुणी धरत नाही.

कंपनीतच राहायचं असेल तर फिटर आणि इलेक्ट्रिशियनला मेंटेनन्सची वाट आहे. मशीन बंद पडलं की सगळा शॉप थांबतो, त्यामुळं मेंटेनन्सच्या माणसाला किंमत आहे, फक्त सणासुदीलाही बोलावणं येतं. मशिनिस्ट, टर्नर, ग्राइंडरला मशीन शॉपची वाट. मोठ्या कंपनीत लाइन ऑटोमॅटिक झाली तरी तिला सुटे भाग देणारे लहान कारखाने भोसरीपासून सुप्यापर्यंत आहेत, आणि सेटर त्यांनाच जास्त लागतो.

मुलींसाठी आयटीआयत ३० टक्के जागा राखीव आहेत. ग्रामीण भागातून त्या कॉम्प्युटर, शिवणकाम याकडंच जास्त वळतात. इलेक्ट्रॉनिक्स असेंब्ली, क्वालिटी इन्स्पेक्शन, वायर हार्नेस या लाइनींवर मुली मोठ्या संख्येनं काम करतात. अडचण ट्रेडची नसते, राहण्याची असते. अर्ज भरण्याआधी तो प्रश्न सोडवावा लागतो. मावशी-आत्या शिरूरला किंवा नगरला असली तर निम्मं काम झालं.

पगाराचा आकडा ऐकताना

"अठरा हजार पॅकेज" म्हणजे अठरा हजार हातात असं नव्हे. पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफसुद्धा धरलेला असतो. पोराच्या पगारातून मूळ पगारावर १२ टक्के पीएफ जातो. २१,००० च्या आत पगार असेल तर ०.७५ टक्के ईएसआय. मग कॅन्टीन, बस, कुठं कुठं ड्रेसचे पैसे. शेवटी हातात चौदा-साडेचौदा येतात. पीएफ गेला म्हणून घरचे कुरकुरतात, पण तो पैसा पोराच्याच नावावर राहतो. कुरकुर करायची तर पीएफ कापून खात्यावर न भरणाऱ्या ठेकेदाराबद्दल करावी. मोबाइलवर यूएएन टाकून दर महिन्याची भरणा दिसते, पहिल्या तीन महिन्यांतच बघून घ्यावी.

दुसरी गोष्ट ब्रेक. सहा-सात महिने झाले की ठेकेदार पोराला घरी बसवतो आणि महिन्या-दीड महिन्यानं नव्या नावानं घेतो. सलग २४० दिवस भरू नयेत म्हणून ही रीत पडली आहे. वर्षाच्या हिशेबात बारा पगार न धरता दहाच धरावेत, म्हणजे निराशा होत नाही. हा ब्रेक हेल्परला बसतो तसाच ठेकेदाराकडच्या आयटीआयवाल्यालाही बसतो. म्हणून लागताना पगारापेक्षा रोल कुणाचा हे आधी विचारावं. कंपनीच्या रोलवर १६,००० आणि ठेकेदाराच्या १८,००० असतील तर सोळा बरे.

शिकाऊ उमेदवाराची गोष्ट निराळी. कायद्यानं तो कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्याला पीएफ नाही, ईएसआय नाही. कामावर असताना इजा झाली तर भरपाई मात्र मालकानं द्यायची आहे. मुदत संपल्यावर त्याच कंपनीनं घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, त्यामुळं जागा असतात. पण ज्या कंपनीत दर वर्षी नवी बॅच येते आणि जुनी जाते, तिथून नोकरीची आशा कमी. ज्या कंपनीत टूल रूम किंवा मेंटेनन्समध्ये फिरतं प्रशिक्षण देतात, तिथं पाचशे रुपये कमी मिळाले तरी जावं.

अर्ज भरताना

आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन होतात. पर्याय भरताना गावाजवळची आयटीआय आधी आणि ट्रेड नंतर, असं पुष्कळ जण भरतात. मग नको असलेल्या ट्रेडला दोन वर्षं जातात. ट्रेड आधी ठरवावा, रोज चाळीस किलोमीटर जावं लागलं तरी. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावेत. निकालानंतर सेतूवर रांग लागते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना विद्यावेतन आहे, पूर्वी ते महिन्याला ४० रुपये होतं, आता ५०० केलेलं आहे. मागितल्याशिवाय ते आपोआप खात्यावर येईल असं समजू नये.

खासगी आयटीआय घ्यायची वेळ आली तर संलग्नता त्याच ट्रेडची आणि त्याच तुकडीची आहे का ते बघावं. संस्थेला इलेक्ट्रिशियनची संलग्नता असते आणि फलकावर फिटरही लिहिलेला असतो. सरकारी पोर्टलवर संस्थेचं नाव टाकलं की ट्रेड दिसतात, आयटीआयच्या वर्कशॉपमधला कुणीही निदेशक ते दोन मिनिटांत काढून देतो.

आणि एक बारीक गोष्ट, जी दर वर्षी पोरांना रडवते. दहावीच्या मार्कमेमोवर, आधारवर आणि आयटीआयच्या फॉर्मवर नाव अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे. वडिलांच्या नावात कुठं "राव" आहे, कुठं नाही. आईचं नाव एकीकडं घरचं, एकीकडं कागदावरचं. प्रमाणपत्र आता ऑनलाइनच निघतं, त्यावर चुकलेलं नाव पुढं अप्रेंटिसच्या करारात, पीएफमध्ये आणि रेल्वेच्या कागदपत्र तपासणीत आडवं येतं. दुरुस्तीला संस्थेचं पत्र, राजपत्र, प्रतिज्ञापत्र असं सगळं करत महिने जातात. आधारमधली दुरुस्ती प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी करून घ्यावी, आणि अप्रेंटिसशिपला लागताना पोर्टलवर नोंदवलेल्या कराराची प्रत पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी. करार नोंदवलेलाच नसेल तर ते वर्ष कागदावर अप्रेंटिसशिपचं धरलं जात नाही, काम कितीही केलं तरी.